ओढ्यापलीकडचं घर

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पालिकेची मोजणी काल संपली. सात वस्त्या, दोन टेकड्या आणि तुझा तो ओढा, सगळं कागदावर आलं. साहेबांनी हे काम मला दिलं तेव्हा मी मिरवत होतो. आता वाटतं, आजारी पडलो असतो तर बरं झालं असतं.

जुन्या कागदांत पूर्वेची हद्द म्हणजे ओढ्याची मधली धार. बारा वर्षांपूर्वी खालच्या आळीत पुराचं पाणी शिरायचं, म्हणून तू यंत्र लावून ओढा तुझ्या परसातून वळवलास आणि अंगणापुढे आणलास. आळी वाचली, पण तुझं घर ओढ्यापलीकडे, म्हणजे शेजारच्या पालिकेत गेलं. मी तीनदा मोजलं. नकाशा कचेरीत पोचला की नवी हद्द लागू होते, आणि मग तू सदस्यही नाहीस आणि अध्यक्षही नाहीस. कसं सांगावं कळेना, म्हणून सरळ लिहिलं.

गुडघ्याला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

८ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले. नवा नकाशा करा म्हणून वरच्या कचेरीत खेटे मीच घातले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण वीस तारखेला सभा आहे. वरच्या वाडीचा दवाखाना बंद करायचा, असा उपाध्यक्षांचा, म्हणजे आपल्या गिरणीवाल्यांचा ठराव आहे. तीन सदस्य इकडे, तीन तिकडे, सातवं मत माझं. वाडीतल्या सुताराच्या सुनेला आठवा लागलाय आणि मोठा दवाखाना तिथून दोन तासांवर, तेही पायी. तेव्हा नकाशा तेवढा एकवीस तारखेला पाठव. खोटं काही करायचं नाही, नुसता उशीर. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागते.

उलट टपाली कळव, आणि वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशीच नकाशा सही करून पाठवला होता. खरं सांगतो, परत मागवता आला असता. साहेबांनी तसं विचारलंही. मी नको म्हणालो. भावाने बहिणीसाठी नकाशा दाबून ठेवला असं उद्या बाहेर आलं, तर दवाखाना जाईलच, शिवाय तुझ्या इतक्या वर्षांच्या कामावर कोणीही बोट ठेवील. माझं चुकलं असं वाटत नाही, तरी दोन दिवस घास उतरत नाही.

बोल लावायचा तर लाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा

२४ एप्रिल

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद देते, पण मोजून.

सभेत खुर्ची सोडली आणि मागे लोकांच्या बाकावर जाऊन बसले. बोलायला हात वर करावा लागला. मतं तीन-तीन पडली. खुर्चीवर गिरणीवाले, त्यामुळे जादा मतही त्यांचंच. दवाखाना गेला. घरी येऊन मी रडले, हे तुला कळलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पालिकेत नाव नोंदवायला गेले. तिथला कारकून म्हणाला की त्यांच्या हद्दीतल्या प्रत्येक वस्तीवर आठवड्यातून दोनदा नर्स जाते, मग वस्ती एका घराची का असेना, आणि आलेला रोगी कुठला हे कोणी विचारत नाही. मी उभ्या उभ्या अर्ज लिहिला. आता सोमवारी आणि गुरुवारी नर्सबाई माझ्या पुढच्या खोलीत बसतात. वाडीहून वीस मिनिटांची वाट. गेल्या गुरुवारी सुताराची सून तिथेच बाळंत झाली. मुलगी आहे, आवाज खणखणीत.

काल गिरणीवाले हरकत घ्यायला आले. मी त्यांना पलीकडच्या काठावरच थांबवलं आणि सांगितलं की अध्यक्षमहाराज, तुमचा अधिकार मधल्या धारेपर्यंत. त्यांनी बाई रक्तदाब तपासतात का, असं विचारलं आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरले.

तुझ्यावरचा राग अजून आहे. तो जाईल तेव्हा जाईल, तू मात्र रविवारी जेवायला ये.

तुझी ताई