वाऱ्याविरुद्ध बिबडे

ता. ३ मार्च १९३९, शुक्रवार. असोदे.

साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी अक्षर शिकले. ते वाया घालवायचं नाही. आजपासून रोज लिहिणार. दुसऱ्या कोणासाठी नाही. घरात वाचायची खोड फक्त नातीला, कमलला. तिच्याशी आजपासून बोलणं बंद.

कारण लिहून ठेवते. कमल सहावीत. तिच्या शाळेत शालिग्राम मास्तर नवीन आला आहे, मिसरूड फुटून चार दिवस झाले नाहीत. त्याने वर्गात विचारलं, ओलं लुगडं वाळतं तेव्हा पाणी जातं कुठे? कमल म्हणाली, आमची अक्का म्हणते सूर्य पितो. सगळा वर्ग हसला. मास्तर म्हणाला, अक्काचा अनुभव खरा, कारण चुकलं. पाण्याची वाफ होते आणि ती हवेत जाते. ऊन मदत करतं, वाराही करतो.

कारण चुकलं म्हणे. लग्न होऊन आले तेव्हापासून या गल्लीचे बिबडे माझ्या हाताखाली होतात. ज्वारी भिजवा, भरडा, लसूण-तिखट घालून घाटा शिजवा, ओल्या कापडावर थापा, वाळवा, वर्षभर पापडासारखे भाजून खा. यात मास्तर कुठे येतो? घाटा ढवळायचा चाटू ज्या बाईच्या हातात, तिचा शब्द गल्लीत शेवटचा. चाटू माझ्या हातात आहे. मास्तरच्या हातात खडू.

आणि वारा मदत करतो तर मग इतकी वर्षं मी काय केलं?

ता. ४, शनिवार. सकाळी.

शाळेत गेले. भांडायला नाही, पाहायला. भांडण आपोआप झालं.

मास्तरने खुर्ची दिली. बसले नाही. मग बसले. त्याने काचेच्या ग्लासच्या बुडाशी कागद कोंबला, ग्लास पालथा करून सरळ बादलीत दाबला, वर काढला. कागद कोरडा. म्हणे ग्लासात हवा आहे, हवेलाही जागा लागते, म्हणून ती पाण्याला आत शिरू देत नाही. मी म्हटलं कागदाला तेल लावलं असेल. त्याने मला माझ्या हाताने दुसरा कागद कोंबायला लावला. तोही कोरडा. मी म्हटलं मग ग्लासला लावलं असेल. पोरं हसली. वळण नाही पोरांना.

दुपारी.

घरी करून पाहिलं. तांब्यात चिंधी कोंबली, पालथा घातला, जरा वाकडा धरला. बुडबुड झालं आणि चिंधी चिंब. पाहा! कमल म्हणाली, अवं अक्का, वाकडा धरला म्हणून हवा निघून गेली. म्हणजे जरा वाकडं धरलं की पळ काढते. असल्या हवेच्या भरवशावर मास्तर शास्त्र रचतो.

कमलशी बोलणं बंद होतं ते विसरले. उद्यापासून नक्की.

ता. ७, मंगळवार.

होळी झाली. घराच्या छतावर, धाब्यावर, वर्षाचे पहिले बिबडे घातले. मीच घातले, नेहमीच्या जागी. दुपारी वावटळ आली आणि सगळ्या गल्लीची धूळ आणून माझ्या बिबड्यांवर ओतली. शेजारच्या ताईबाईने एक भाजून दाताखाली घेतला. कर्रर्र. ती धुळ्याकडची, तिचं शे-शे अजून सुटलं नाही. म्हणाली, अक्का, हाई काय शे? बिबडा शे का वाळू शे?

बाया हसल्या. मी नाही हसले. मास्तर ज्याला मदत म्हणतो तो हा वारा. चोर. मला तर आधीपासूनच संशय होता.

निश्चय: यंदा वाऱ्याशिवाय बिबडे.

ता. ९, गुरुवार.

युक्ती सापडली. बसल्या बसल्या. शिकलेल्यांना अशा सुचत नाहीत.

माझ्या लेकाची, झुलालची, केळी पिकवायची खोली. मागच्या अंगणात आहे. चार भिंती, एक दार, खिडकी नाही. कच्चे घड आत रचतो, कोपऱ्यात गोवऱ्या धुमसत ठेवतो, दार लिंपून टाकतो. ऊब कोंडली की केळी पिवळी होतात. वारा नाही, धूळ नाही. नुसत्या उबेने कच्चं पिकतं, तर ओलं वाळणार नाही? सूर्य काय वेगळं करतो?

सध्या खोली रिकामी आहे. झुलालला सांगितलं. तो म्हणाला, माय, तू वाऱ्याशी कशाला भांडू राहिली? मी म्हटलं, सुरुवात त्याने केली.

सूनबाई पुष्पा काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

ता. ११, शनिवार.

कमलने परीक्षा घेतली. माझी! एका कापडाच्या दोन चिंध्या भिजवल्या. एक उबेच्या खोलीत टांगली, दार बंद. दुसरी ओसरीवर सावलीत, वाऱ्याला. दुपारपर्यंत ओसरीवरची खडखडीत. खोलीतली पिळली असती तर पाणी निघालं असतं.

कमल म्हणते, पाहिलंस, ऊन नाही तरी वाऱ्याने वाळली. मी म्हटलं, ती पातळ असेल. ती म्हणते, एकाच कापडाची मधून फाडलेली आहे. मी म्हटलं, मग खोलीतली ढोंग करते.

कापड माझ्या लुगड्याचं होतं हे संध्याकाळी कळलं. शास्त्राचा खर्च नेहमी दुसऱ्याच्या अंगावरचा.

चिंधी म्हणजे बिबडा नव्हे. पुढे जायचं.

ता. १३, सोमवार.

ताईबाईच्या पोरीचं लग्न आखाजीच्या सणानंतर, सासर अमळनेर. सोबत द्यायचे बिबडे गल्लीने मिळून करायचे. ज्वारी भिजवून भरडून तयार. सगळ्या बाया माझ्या अंगणात जमल्या. मी जाहीर केलं की हे बिबडे खोलीत वाळतील. ना धूळ, ना राखण. ग्यारंटी.

मग ताईबाई म्हणाली, अक्का, पोरीच्या सासरची गोष्ट शे. बिघडले तर? मी म्हटलं, बिघडले तर चाटू तुझा.

जीभ जरा पुढे गेली. मागे घ्यायची सवय नाही तिला. आणि बिघडतील कशाला? मी काय मास्तर आहे?

ता. १४, मंगळवार.

घाटा फक्कड. चाटू फिरवताना पुष्पा म्हणाली, आत्याबाई, दोन कापडं तरी धाब्यावर घालू. नाही म्हटलं. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं की जिंकलं कोण ते कळत नाही.

खोलीत बाजा लावल्या, त्यांवर कापडं अंथरून बिबडे घातले. चारी कोपऱ्यांत गोवऱ्या. दार बंद, फटी शेणाने लिंपल्या. मुंगीएवढा वारा आत जाणार नाही.

फार समाधान वाटलं.

ता. १५, बुधवार.

दार जरा उघडून पाहिलं. तोंडावर वाफेचा भपकारा आला, भाताचं झाकण काढल्यासारखा. बिबडे मऊ आहेत. ओले नाहीत, मऊ. बोट रुतलं, पण बोटाचा काय भरवसा.

भिंतींना घाम फुटला आहे. थेंब ओघळतात. भिंत का घामेजते? तीही कामाला लागली म्हणून.

गोवऱ्या दुप्पट केल्या.

कमल नाक दाबून डोकावली. म्हणाली, अक्का, बिबड्यांतलं पाणी हवेत गेलं, पण हवा कोंडलेली. तिच्यात मावेल तेवढं मावलं, आता आणखी मावत नाही. भिंत गार, म्हणून तिथे परत पाणी झालं. मी म्हटलं, वा! हवेचं पोट भरलं का? हवा म्हणजे काय लग्नातला पाहुणा, जेवून झालं तरी पाटावरून उठत नाही, की दुसरी पंगत बसवता येत नाही?

कमलने टाळी वाजवली. मग म्हणाली, असंच आहे अक्का, अगदी असंच. आणि वारा म्हणजे पंगत उठवणारा.

चांगलं गप्प केलं तिला.

ता. १६, गुरुवार.

कमलने ते पंगतीचं वर्गात सांगितलं. मास्तरने फळ्यावर लिहून घेतलं, म्हणे इतकं सोपं पुस्तकातही नाही, आणि अक्काला माझा नमस्कार सांग. म्हणजे आता मास्तर माझं शिकवतो. शास्त्र शेवटी माझंच निघालं. हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

शास्त्र माझं असताना बिबड्यांनी ऐकायला पाहिजे. ऐकत नाहीत. काल बोट रुतलं होतं, आज अंगठा.

झुलाल विचारत होता खोली कधी रिकामी होईल, केळीचे घड कापायला आले. मी म्हटलं, मोठं काम चाललं आहे, घडांना थांबायला सांग. तो म्हणाला, माय, दार तरी उघडं ठेव. मी म्हटलं, दार उघडलं तर वारा येईल. तो म्हणाला, हो. नुसतं हो म्हणून निघून गेला. बापावर गेला आहे.

ता. १७, शुक्रवार. सकाळी.

बिबड्यांवर हिरवे ठिपके. तीळ असतील.

दुपारी.

तीळ घातलेच नव्हते.

कमल म्हणाली ही बुरशी. ऊब, ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की ती वाढते, पुस्तकात पुढच्या धड्यात आहे. मी म्हटलं, मग पुढचा धडा आधी का नाही वाचला? तिच्यामुळे झालं सगळं. तिने वेळेवर वाचलं असतं तर.

ठिपके तेवढे खरवडून काढले. खालून आणखी निघाले.

ता. १८, शनिवार.

ताईबाई आली. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं अजून वेळ आहे. तिने वास घेतला. धूर, केळी आणि ओल्या गोणपाटाचा. मला बाजूला सारून आत गेली. एक बिबडा उचलायला गेली तर तो कापडासकट वर आला. म्हणाली, बठ्ठं वाया गयं वं माय. आणि पदर तोंडाला लावून तिथेच मटकन बसली. लग्न तिच्या पोरीचं. सासू अमळनेरची, म्हणे पहिल्या दिवशी बिबडा भाजून सुनेचं माहेर जोखते.

मला वाईट वाटलं नाही. तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तो खोलीत धूर फार म्हणून.

मी म्हटलं, वाया कशाने? म्हशीच्या पोटात गेले की सत्कारणी लागले. आणि बोली अशी होती की बिघडले तर. सत्कारणी लागले तर, अशी नव्हती. पाटी भरून म्हशीपुढे ठेवली. म्हशीने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

म्हैस दोन दिवसांपासून आजारी असावी.

ता. १९, रविवार. सकाळी.

चाटू कणगीमागे ठेवला होता. लपवला नव्हता, ठेवला होता. पुष्पाने तो काढला, धुतला, आणि सगळ्या बायांदेखत ताईबाईच्या हातात दिला. म्हणाली, आत्याबाई, शब्द तुमचाच होता. सून म्हणून आली तेव्हापासूनचं एवढं एकच वाक्य तिने साठवलं असेल.

मी म्हटलं, पण नवी ज्वारी भिजणार कधी, भरडणार कधी? ताईबाई म्हणाली, भिजलेली शे. मी ग्यारंटी दिली त्याच दिवशी घरी जाऊन तिने दुसरी ज्वारी भिजत घातली होती. अशी शेजारीण. माझ्यापुढे मान डोलावत होती आणि घरात ज्वारी फुगत होती.

दुपारी.

घाटा ताईबाईच्या अंगणात शिजला. चाटू धरायची रीत नाही तिला, मनगट वाकडं. घाटा जमला, ते वेगळं.

सगळं धाब्यावर नेलं. कमल बायांना सांगते आहे आणि बाया ऐकताहेत! बाजांवर कापड ताणा, खालूनही वारा लागेल. पातळ थापा, जितकं पसरट तितकं लवकर वाळेल. एकावर एक येऊ देऊ नका. मी हे सगळं इतकी वर्षं असंच केलं आहे. तेव्हा कोणी कारण विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. आज कारण सांगणारी निघाली, तर बायका माना हलवतात. वाऱ्याची दिशा बघून कमलने धुळीच्या बाजूला चादरीचा आडोसा बांधला. हे मात्र मला सुचलं नव्हतं. सुचणार होतं.

कमलने मला विचारलं, अक्का, तू काय करशील? सगळ्या बाया खालमानेने घाटा थापत होत्या. मी म्हटलं, माझी पाठ दुखते. मग ताईबाई म्हणाली, अक्का, कावळे हाकल ना, दुसऱ्या कोणाला जमत नाही.

कावळे हाकलायला पोरं बसवतात. पोरं नसली तर कामातून गेलेल्या म्हाताऱ्या.

ता. २०, सोमवार.

सकाळपासून धाब्यावर. हातात काठी. कावळा आला, हाकलला. तोच परत आला.

वारा छान सुटला आहे. म्हणजे सुटला आहे. कापडं फडफडतात. बिबड्यांच्या कडा उचलायला लागल्या. बाया वर येऊन बघून गेल्या, खाली जाऊन हसल्या. ताईबाईची पोर जिना चढून आली, एक बिबडा वाजवून पाहिला आणि आईला हाक मारत पळाली.

मधल्या सुट्टीत कमल धावत आली. पहिला वाळलेला बिबडा भाजून पानावर ठेवला आणि मला दिला. म्हणाली, तू सांग कसा झाला, ताईबाईने विचारलं आहे, तू सांगितल्याशिवाय गल्लीत वाटायचे नाहीत.

खाल्ला. कुरकुरीत. मी म्हटलं, मीठ कमी आहे.

मीठ बरोबर होतं.