बूट हातात घेऊन धावली

ती. काकासाहेबदादांना धाकट्या बहिणीचा, वंदनाचा वाकून नमस्कार.

रेणूसाठी धाडलेले बूट पोचले. पार्सलचे नव्वद रुपये उगाच घातलेत.

रविवारी जालन्याच्या अर्ध्या मॅरेथॉनला रेणू तेच घालून धावली. एमआयडीसीजवळ गारा पडल्या, चिखल झाला. मामाचे बूट खराब होतील म्हणून पोरीनं ते काढून हातात घेतले. तरी देवीच्या कृपेनं पहिली आली.

पंच म्हणाले, "पायात बूट न्हाईत, बाद." मी म्हणलं, "साहेब, बूट पळतात का पाय?" सगळे हसले अन् बक्षीस दुसरीला दिलं.

तळपाय सोललेत, हळद लावली, काळजी नको. फक्त पोर बूट परत पायात घालत न्हाई.

वहिनींचा गुडघा कसा आहे?

हे म्हणतात, सोडून दे. बिलकुल न्हाई. पुढच्या सोमवारी मी बक्षीस मागायला मॅरेथॉनवाल्यांच्या हापिसात जाणार. सोबत याल का, उलट टपाली कळवा. न्हाई आलात तरी मी जाणारच.