कायतानने बस चालवावी का?

१३ ऑगस्ट १९६३, मंगळवार. बसवनगुडी, बंगळूर

आज मी तपासणीत कायतानला शाळेची बस चालवायला अपात्र ठरवलं. चिडचिड अजून जात नाही. माझं बरोबर का चूक, कोण सांगणार?

हा गोव्याचा माणूस, तरुणपणी ब्राझीलमध्ये शेतमजुरी केलेला. तिथल्या मातीच्या घरांत ढेकणासारखा किडा चावतो. त्यातून चागास नावाचा रोग होतो आणि कैक वर्षांनी तो हृदय पोखरतो. माझा संशय तोच, पण त्यासाठी रक्ताची तपासणी इथे होतच नाही! हाती फक्त ईसीजी, त्यात मध्येच चुकलेले ठोके. शिवाय दोनदा घेरी आलेली. हा उद्या कोसळेल, की म्हातारा होऊन मरेल? त्या कागदावरून कसं सांगू?

आमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे नसलेला रोग कशाला शोधता? दाखल्यावर सही करून टाका, बरं का?"

नाही केली. बसमध्ये पोरं असतात.

कायतान ओरडला, "बाई, मी आजारी दिसतो?"

दिसत नव्हता, हेच तर!

"मग किती जगेन, ते तरी सांगा."

ते चुकलेले ठोके डोळ्यांसमोरून हलेनात.

तो तरातरा निघून गेला. त्याची बायको मात्र दारात थांबली. वाटलं, आता हीही भांडणार.

ती हळूच म्हणाली, "बरं केलंत, डॉक्टरबाई. मी रोज त्याच्या छातीवर हात ठेवून झोपते. थांबलंसं वाटलं, की हलवते त्याला."