पंचमीची तारीख

टोलेडो, ओहायो
५ जून २०१७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. माझ्या हृदयाची झडप बदलायची हे आता नक्की झालं. लहानपणी सांधे धरले होते तो ताप इतकी वर्षं दबा धरून बसला होता म्हणे. सर्जननी सत्तावीस जुलै ही तारीख दिली. घरी येऊन पंचांग उघडलं तर नागपंचमी. त्या दिवशी आई आपल्याला काकडीसुद्धा चिरू देत नसे, आणि मी छाती चिरून घ्यायला झोपू? दुसऱ्या दिवशी फोन करून तारीख बदलून मागितली. आता थेट नोव्हेंबरात नंबर लागेल असं म्हणतात.

परीक्षित माझ्यावर भयंकर चिडला आहे. आमचा विमा या वर्षापुरता आहे, पुढच्या वर्षाची खात्री कुणीच देत नाही. पूर्वी कंपन्या जुना आजार विचारायच्या आणि सरळ नाही म्हणायच्या. लग्नापासून माझ्यापायी हा बिचारा नको असलेल्या नोकरीला चिकटून राहिला होता. आधीच्या अध्यक्षांनी कायदा आणला, आजारी माणसाला विमा नाकारायची सोय उरली नाही, तेव्हा कुठे याने सायकलींचं दुकान टाकलं. आता नवे अध्यक्ष तोच कायदा मोडायला निघालेत. एका सभागृहाने मोडून दाखवलाही, आता सेनेटची पाळी. ऑपरेशन नोव्हेंबरात झालं तर पुढची औषधं, तपासण्या नव्या वर्षात जाणार, आणि तेव्हा विमा कंपन्या आपल्याला दारात तरी उभं करतील का, असं तो विचारतो. माणूस निवडून येतो वॉशिंग्टनला आणि धडधडतं माझ्या घरात.

मी घाबरले आहे, ताई. तू सांगशील तसं करीन. भाऊजींना नमस्कार, त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव. लोभाची सवय तूच लावली आहेस, ती मोडू नकोस.

तुझी,
जाई


मिल्टन, ऑन्टारिओ, कॅनडा
१२ जून २०१७

चि. सौ. जाईस,
अनेक आशीर्वाद.

ओरडायचं ते मला पत्रातही जमतं. हे वाचून झालं की खुर्चीवरून उठायचं आणि हॉस्पिटलला फोन करून सत्तावीस जुलै परत मागायची. कुणाला दिली असेल तर रडून मिळव, लहानपणी तुला ते छान यायचं. आईचा नेम आपल्या घरातल्या विळीपुरता होता. दवाखान्यातल्या सुरीवर तिने कधी हक्क सांगितला नव्हता. तरी तुझ्या मनाला चुटपुट लागणार हे मी ओळखून आहे. पंचमीचं काय करायचं ते मी बघते. कसं, ते विचारू नकोस.

तुझे भाऊजी सकाळपासून अमेरिकेच्या बातम्या लावून बसतात. इथला आपला खासदार कोण ते त्यांना सांगता येणार नाही, पण तिकडचा कुठला सेनेटर डळमळतो आहे ते विचार. परवा चहा द्यायला गेले तर मला गप्प बसायची खूण केली. गुडघ्याचं म्हणशील तर त्यांच्या ऑपरेशनचा नंबर पुढच्या उन्हाळ्यात लागेल. रांगेच्या नावाने रोज शंख करतात. मी म्हटलं, रांग लांब आहे खरी, पण जुना आजार आहे म्हणून त्यातून कुणी बाहेर काढत नाही. जाईला विचारा त्याची किंमत. तेव्हा पुन्हा टीव्हीकडे वळले.

माझा पासपोर्ट नेमका नूतनीकरणाला गेला आहे, त्यामुळे मला तिकडे येता येत नाही, आणि निम्मा राग त्याचाच आहे हे समजून घे. परीक्षितचं ऐक. त्याला माझा आशीर्वाद सांग. माझा जीव तुझ्यात आहे, तो नीट सांभाळ.

तुझी,
ताई


टोलेडो
१४ ऑगस्ट २०१७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशननंतर माझ्या हाताचं हे पहिलं पत्र, अक्षराला हसू नकोस. रडायची वेळ आली नाही. तारीख अजून कुणाला दिली नव्हती. आमच्यात त्या दिवशी सुरी धरत नाहीत, असं हॉस्पिटलमधल्या फोनवरच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी निवांतपणे सांगितलं की सर्जन आमच्यातले नाहीत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, घशातली नळी काढल्यावर परीक्षितने मला दोन बातम्या दिल्या. आधी विम्याचा कायदा बचावला ही, आणि मग झडप नीट बसली ही. आवाज फुटत असता तर चांगलं ऐकवलं असतं. त्याच पहाटे सेनेटमध्ये मतदान झालं होतं आणि अध्यक्षांच्याच पक्षातल्या तिघांनी विरोधात मत दिलं. माझी परिचारिका रिझल्ट लागल्यासारखी सगळ्या खाटांना सांगत फिरत होती. पुढे पुन्हा काही उकरून काढतील, परीक्षितला ठाऊक आहे, मलाही आहे. पण ताई, किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. काल एकटी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले आणि धाप लागली नाही. नव्या झडपेची टिकटिक मलाच ऐकू येते. घरात आता घड्याळाची गरज नाही, असं परीक्षितचं मत.

पंचमीचं तू काय केलंस? फोनवर विचारलं की विषय बदलतेस. आणि तुझा आवाज बसल्यासारखा का येतो? लोभ आहे तसाच राहू दे, वाढवलास तरी तक्रार नाही.

तुझी,
जाई


मिल्टन
२१ ऑगस्ट २०१७

चि. सौ. जाईस,
शशिकांतचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घरात लापशी झाली. उत्तर मी लिहितो आहे, कारण तुझी ताई खरं सांगणार नाही. मी सांगितल्याचं तिला कळू देऊ नकोस, मला याच घरात राहायचं आहे.

पंचमीला तिने अंघोळ केली, पाटावर चंदनाचे नाग काढले, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला. एवढं दरवर्षीचंच. मग आत जाऊन तिने सुरी काढली. लग्न झाल्यापासून त्या दिवशी तिने साधी मिरची चिरलेली मी पाहिलेली नाही. तिने अख्खा लाल भोपळा चिरला. मग दुधी, गाजरं, बटाटे, फ्रिजमध्ये होतं नव्हतं ते सगळं. माझ्या टीव्हीचा आवाज मी बंद केला. काय चाललंय म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाली की आज जाईला सुरी लागणार ती लागणारच. दोष असेल तर तो चिरणाऱ्या बाईला लागतो, आणि आज चिरणारी बाई मी आहे. जाईकडे बघायचं कारण नाही. हे ती मला सांगत होती की पाटावरच्या नागांना, ते मला कळलं नाही. दुपारी परीक्षितचा फोन येईपर्यंत ती चिरत होती. मग सुरी खाली ठेवली आणि पदरात तोंड लपवून खूप रडली.

पुढच्या आठवड्यात तिला ताप आला, खोकला झाला. इथे डॉक्टरकडे जायला दमडी लागत नाही, क्लिनिक दोन गल्ल्या सोडून, तरी बाई जाईना. खोकते आणि समाधानाने हसते. सांगते काय, तर आलं ते बरोबर पत्त्यावर आलं, आता औषध घेऊन त्याला परत पाठवलं तर ते टोलेडोला जाईल. इतकी वर्षं संसार केला, पण माझं ती ऐकत नाही. ऐकेल तर फक्त तुझं ऐकेल. तेव्हा हे पत्र मिळताच फोन कर, तिच्या बसलेल्या आवाजावरून विषय काढ आणि सांग, की तू पूर्ण बरी आहेस, तुझं सगळं फिटलं, आता ताईने औषध घेतलं तरी चालेल.

आम्हां दोघांवर माया असू दे.

तुझा,
शशिकांत