मागची खोली

नेर, बुधवार, १२ फेब्रुवारी १९६४

विलायतेतून माझ्या पाठच्या भावाचं पत्र आलं. तो तिकडं कारखान्यात आहे. हे घर त्यानं भाड्यानं द्यायलेच घेतलं. तिकडची बँक इथल्या घरावर पैसे देत नाही, म्हणून कर्ज इथंच काढलं. त्याच्या वतीनं कागदावर सही मी केली. ती इंग्रजीतली सही शिकाले मले आठ दिवस लागले होते.

आता लिहितो, "अक्का, दोन खोल्यांच्या भाड्यात हप्ता निघत नाही. मागची खोली बी देऊन टाक. तू पोराकडं राळेगावले जा."

मागच्या खोलीत मी राहते. पोराले कोणी विचारलं? मले तरी कोणी विचारलं? राग यायले पाहिजे होता. आला नाही. काहून, कोणास ठाऊक.

दुपारी शाळेचे नवे मास्तर खोली पाहाले आले. संगं बायको. तिनं चुलीवरून हात फिरवला. कालच सारवली होती मी.

"चूल बेस आहे हो बाई. धूर कोंडते काय?"

"नाही. खिडकी मी मोठी करून घेतली."

मास्तरांनी विचारलं, "मालक कुठं राह्यते?"

"विलायतेत."

"अन् ह्या खोलीत सध्या कोण आहे?"

"कोणी नाही."

असंच म्हटलं मी. माझी वळकटी कोपऱ्यात दिसत होती, तरी. मग भाडेचिठ्ठीवर भावासाठी सही केली. एका दमात झाली.

संध्याकाळी चूल पेटवली नाही. सकाळची भाकर होती, तीच खाल्ली. सारवण तसंच राहू दे. आता ते मास्तरीणबाईचं आहे.