सतरा दिवस

नागपूर, ९ मार्च २०२५

ती. आत्यास,
वैभवीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं नवीन मशीन डब्यातच ठेवतेस, असं मामाजींनी मम्मीला सांगितलंय. तेव्हा फोनवर ओरडण्यापेक्षा पत्र बरं. मौद्याला ऊन किती? इथे दुपारी दवाखान्यातून बाहेर पडवत नाही.

तू विचारलंस, नोकरी कशी आहे. ठीक आहे. दहा-बारा दिवसांपूर्वी आमच्या औषध विभागात एक प्रकार झाला. झटके येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला लहान गोळीऐवजी मोठ्यांची गोळी गेली. दीड दिवस तो झोपून होता, पण आता घरी गेलाय, खेळतोय. शिकाऊ मुलगी होती, काजल, उमरेडची. तिला काढलं.

दुसरं म्हणजे, पप्पांचा तुला फोन येईल. सलग दुसऱ्या रविवारी मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठले नाही, बाकावरच बसून राहिले. पप्पा पंचकमिटीचे सेक्रेटरी, आजोबा पाळक, आणि मुलगी बसलेली, हे सगळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर ते म्हणाले की जे झालं ते झालं, आता चर्चमध्ये तमाशा कायले पाहिजे. मला खरंच कळत नाही की मी तिथे का जाते. लहानपणापासून जातो म्हणून जातो. संडे स्कूलच्या मुलांना शिकवते तेही पाठ आहे म्हणून. रागावू नकोस.

तब्येतीला जप. तुझा लोभ आहे तसाच असू दे.
तुझी,
वैभवी

—

मौदा, १२ मार्च २०२५

चि. वैभवीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मशीनची चुगली करणाऱ्या आमच्या ह्यांना, तुझ्या मामाजींना, आज मुद्दाम बिनमिठाची भाजी वाढली. निमूट खाल्ली, म्हणजे चूक कबूल आहे.

जितेंद्रचा फोन आला होता. अर्धा मला ऐकू आला, अर्धा मी ओळखला. आपल्या घरात चौथी पिढी चर्चमध्ये आहे आणि ही पोरगी उठत नाही, असं तो म्हणत होता. मी त्याला म्हटलं, उठत नाही तर विचार तिला. त्यावर त्यानं फोन ठेवला. माझा भाऊ असा फोन ठेवणारा नाही.

आता तुझ्याबद्दल. देवावरचा तुझा विश्वास उडाला असेल तर मी रागावणार नाही. पाठ केलेलं विसरतं, ते मला ठाऊक आहे. पण बाई, छत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. मूल काही लपवत असलं की त्याची वाक्यं आखूड होतात. ऊन, मशीन, मामाजी यांच्यावर तू ऐसपैस लिहिलंस, आणि काजलला दोन शब्दांत उरकलंस. ती गोळी कपाटातून कोणी काढली होती?

उत्तर मला नाही दिलंस तरी चालेल. पण मग ज्याला द्यायचं त्याला दे.

उन्हात फिरताना डोक्याला ओढणी बांध. आमच्या दोघांची आठवण ठेव.
तुझी,
पुष्पलता आत्या

—

नागपूर, २३ मार्च २०२५

ती. आत्यास,
सलाम वि. वि.

मीच काढली होती. दोन्ही खोकी शेजारी शेजारी, दोन्हीवर निळी पट्टी. मी फोनवर बोलत होते. पाकिटात घालून काजलच्या हाती दिली आणि ती वॉर्डात देऊन आली. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कपाटाशी मी नव्हते. बस, एवढंच. काजल माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, मॅडम आता बोलतील, मग बोलतील. दुसऱ्या दिवशी, अठ्ठावीस फेब्रुवारीला, तिला काढलं.

तुझं पत्र मागच्या शनिवारी मिळालं. रविवारी उपासनेत पापांगीकार सुरू झाला. तो मी पाढ्यासारखा म्हणते. हात हालतात, तोंड हालतं, मन जेवणात काय आहे तिकडे असतं. त्या दिवशी "आम्ही विचाराने, शब्दाने व कृतीने पाप केले आहे" यातला "शब्दाने" आला आणि माझा आवाजच निघेना. आजूबाजूचे सगळे पुढे गेले, मी त्याच शब्दावर राहिले. कपाटाशी मी नव्हते. आत्या, देव आपल्या घरात रेशनकार्डावरच्या नावासारखा होता, मला आपोआप मिळालेला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की समोर खरंच कोणी ऐकतंय, आणि त्याला आधीपासून सगळं माहीत आहे. भीती वाटली, आणि बरंही वाटलं. मी म्हटलं, मी केलं. क्षमा कर. उद्या माझ्यासोबत चल. येशू माझा प्रभू आहे, हे सोळाव्या वर्षी दृढीकरणाच्या वेळी, चर्चची सभासद होताना, तीसजणांसोबत एका सुरात म्हटलं होतं. या वेळी एकटीनं म्हटलं.

सोमवारी साहेबांकडे गेले आणि सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. आता कोणी विचारत नव्हतं, मग काहून लिहिलं, असं म्हणाले. मला त्याच दिवशी कमी केलं. त्या मुलाच्या आईलाही फोन करून सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. काजलला परत बोलावल्याचं पत्र गेलंय.

बुधवारी बसनं उमरेडला तिच्या घरी गेले. तिची आई घरी होती, पाणी दिलं. काजल दारातच उभी राहिली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही खरं सांगितलं, पण सतरा दिवसांनी. सतरा दिवस मी घराबाहेर नाई निघाली." नोकरीवर ती परत जाणार आहे. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही पुन्हा माफी मागितली नाही. रोज सकाळी तिचं नाव घेऊन प्रार्थना करते. त्यात माझ्यासाठी काही मागायचं नाही, असं ठरवलंय.

पप्पा बोलत नाहीत. ताट पुढे आलं की जेवतात आणि उठतात. एक गोष्ट तुला सांगायची राहिली. गोळीचं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, नोकरी जाईन, घराण्याचं नाव जाईन, तू चूप बस. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. तोंड माझं होतं.

एक तारखेपासून धरमपेठेतल्या एका मेडिकलमध्ये लागतेय. मालकाला सगळं सांगून लागतेय.

माझ्यासाठी आणि पप्पांसाठी प्रार्थना कर.
तुझी,
वैभवी

—

मौदा, ३० मार्च २०२५

चि. वैभवीस,
आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शाबासकी देत नाही. खोटं बोललीस ते बोललीस, आणि त्या पोरीचे सतरा दिवस तुला भरून देता येणार नाहीत. पण तू ज्याच्यासमोर उभी राहिलीस त्याला आता तू ओळखतेस. आमच्यातल्या पुष्कळांचं आयुष्य त्याच्या नुसत्या ओळखीच्या ओळखीवर गेलं. माझंही बरंचसं.

काल जितेंद्र आला होता. भर दुपारी, नागपूरहून स्कूटरवर, न कळवता. मी ताक दिलं, ते तसंच राहिलं. मामाजी समजून बाहेर गेले. मग तो बोलला. मशीन कानात होतं, त्यामुळे एकेक शब्द ऐकला. म्हणाला, ताई, पोरगी माझ्याकडे विचारायला आली होती, अन् मी तिले खोटं बोलायला लावलं. सेक्रेटरी म्हणून रविवारी पुढच्या बाकावर बसतो, अन् ती मागे बसून राहिली, तेव्हा मले तिचा राग नव्हता आला, भेव वाटलं. शुक्रवारी त्यानं सेक्रेटरीपदाचा राजीनामा पाळकसाहेबांना दिला आहे. तुला त्यानं सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तुमच्याआधी मला कळलं म्हणून मम्मीनं रुसू नये.

मग म्हणाला, ताई, माझ्यासाठी प्रार्थना कर. मी नाही म्हटलं. माझ्या भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं असेल. म्हटलं, तूच कर, मी बसते सोबत.

तुला माहीत आहे, तुझा बाप सभेत कशी प्रार्थना करतो. आमच्या वडिलांसारखी, मोठमोठ्या शब्दांची, दहा मिनिटं. त्यानं डोळे मिटले आणि तशीच सुरुवात केली, "हे सर्वसमर्था, स्वर्गीय पित्या". तिथेच थांबला. मला वाटलं, मशीनची बॅटरी गेली. तेवढ्यात तो बोलला, "देवा, माझं चुकलं गा. माझ्या पोरीले मीच फसवलं."

आमेन मी म्हटलं, कारण त्याच्यानं म्हणवलं नाही.

तो ऊन उतरल्यावर निघाला. आज उद्या तुझ्याशी बोलायला येईल. त्याला शब्द लवकर सापडणार नाहीत. तू घाई करू नकोस, आणि मदतही करू नकोस.

आमच्यावरची माया अशीच राहू दे.
तुझी,
पुष्पलता आत्या