चौदावं नाव

प्रिय क्लाइव्ह,

तुझे गुडघे कसे आहेत? माझे विचारू नकोस. इथे नोव्हेंबर नेहमीसारखा ओला, आणि चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय, नेमकं माझ्याच बाकावर. तू म्हणशील, एनिड काही छपरासाठी पत्र लिहिणारी नव्हे. खरंच नव्हे. माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे आणि ती तुला गावातल्या दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

फॉकलंडच्या लढाईतून परतलास त्या हिवाळ्यात तू मला एक प्रार्थनेचं कार्ड दिलंस. पुढे मारियामातेचं चित्र, मागे बायकी अक्षरात एक नाव आणि पत्ता. अर्जेंटिनाच्या एका पोराच्या खिशातलं, एवढंच म्हणालास. जपून ठेव, कुणाला सांगू नकोस. त्या पोराचं काय झालं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. त्यानंतर युद्धात गेलेल्यांच्या स्मरण-रविवारी तू कधी चर्चची पायरी चढला नाहीस, पुढे गावच सोडलंस. ते कार्ड मी स्मरणवहीत ठेवलं. आजवरच्या युद्धांत कामी आलेल्या आपल्या गावच्या तेरा जणांची नावं मी दरवर्षी त्या वहीतून वाचते. माझ्याशिवाय ती कुणी उघडत नाही, म्हटलं याहून सुरक्षित जागा कुठली?

गेल्या रविवारी तेरावं नाव वाचलं, ॲलन पिबस, तुझ्याबरोबर फॉकलंडला गेलेला तुझा ॲलन. त्याच्याखाली कार्ड सरकून आलं होतं. त्यावरचं त्या पोराचं नावही मी वाचलं, रामिरो केसादा. मग दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. एरवी कुणीतरी खोकतंच, या वेळी कुणी खोकलंही नाही. चष्म्यामुळे घोटाळा झाला असं मी सगळ्यांना सांगते. तुला खोटं सांगणार नाही. पहिलं अक्षर तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी थांबले नाही. शत्रूंसाठी प्रार्थना करा असं प्रभूनं सांगितलं म्हणून आपण ती दरवर्षी करतो, पण कुणाचंही नाव न घेता. नाव घेतलं की ती फार जड जाते रे.

नंतर चहाच्या वेळी ॲलनचे वडील काठी टेकत माझ्याकडे आले. एक्क्याण्णव पूर्ण झाली त्यांना. आता माझी खैर नाही असंच वाटलं. माझ्या मुलाच्या शेजारी कोणाला बसवलंस, असं त्यांनी विचारलं. मी कार्डाबद्दल सांगितलं, तुझं नाव मात्र घेतलं नाही. ते कितीतरी वेळ कपातली साखर ढवळत राहिले. मग म्हणाले, "त्याची आई आहे का गं अजून?"

त्यांना तिला पत्र लिहायचंय. आठवड्यात दोनदा पत्ता मागून गेले. पत्ता माझा नाही, ज्याचा आहे त्याला विचारते, असं मी सांगितलं. तर जाता जाता म्हणाले, क्लाइव्हला म्हणावं, एकट्यानं मला ते लिहिता यायचं नाही.

म्हणून हे पत्र. कार्ड याच पाकिटात आहे. जाळलंस तरी मी विचारणार नाही. पण शनिवारच्या गाडीनं ते घेऊन आलास, तर मी स्टेशनवर असेन. त्या बाईला आणि पिबसना आता फार वाट पाहणं परवडणारं नाही.

तुझीच, चाळीस वर्षांनी गुपित फोडलेली बहीण,
एनिड